तिथीचा पाऊणपट

छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या माणसाला पाण्याचं वेळापत्रक शिकवावं लागत नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, किती वेळ टिकणार, त्या वेळी घरी कुणी थांबायचं, धुण्याचा ढीग कधी काढायचा, पाहुण्यांना जेवायला कधी बोलवायचं, हे सगळं आमच्याकडे पाण्याच्या दिवसावरून ठरतं. हाच माणूस सुट्टीला समुद्रावर गेला की मात्र ही सवय घरीच ठेवून जातो. समोर क्षितिजापर्यंत पाणी पसरलेलं असताना त्याची वेळ कशाला विचारायची, असं त्याला वाटतं.

आम्हीही तेच केलं. साडेपाचशे-सहाशे किलोमीटर गाडी हाकून मालवणजवळच्या देवबागला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच सगळे पोहण्याच्या कपड्यांत होडीपाशी हजर. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे खाडीत वाळूचं एक छोटं बेट आहे. २००४च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं तिथले लोक सांगतात, म्हणून नावही ‘त्सुनामी आयलंड’. पाण्यातले सगळे खेळ तिथेच चालतात. बहिणीच्या दोन्ही मुलांनी महिनाभर त्या बेटाचे व्हिडिओ पाहिले होते. होडीवाल्या काकांनी आमच्याकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता खंयचा बेट? पाण्यात गेला. दुपारी येवा.”

मुलांचे चेहरे पडले. मग काकांनीच आईला विचारलं, “आज तिथी खंयची?” हे उत्तर आईकडे तयार होतं, कारण तिचा उपास होता. कार्तिक वद्य एकादशी, आळंदीची. मालवणात येऊन पहिल्याच दिवशी साबुदाणा खावा लागल्यामुळे ती तिथी आमच्यापैकी कुणीच विसरणार नव्हतं. “अकराचो पाऊणपट,” काका म्हणाले, “सव्वाआठ. भरती आसा.”

कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचा पाऊणपट करायचा. जे येईल ती त्या दिवशी पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, सकाळची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, गणित तेच. जागेनुसार वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, कारण भरतीची लाट सगळ्या किनाऱ्यावर एकाच क्षणी पोचत नाही. पण सहलीचा बेत आखायला एवढं पुरेसं आहे, आणि त्यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय चालतं. १९७३ साली ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, हा योगायोग मला त्या दिवसापासून फार आवडू लागला आहे.

पाऊणपट का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला आणखी पन्नासेक मिनिटं फिरावं लागतं. म्हणून आजची भरती उद्या सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. कोकणातल्या माणसाने त्याचा पाऊण तास केला. तोंडी हिशेबाला पाऊणकी सोपी, आणि पक्ष संपला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असल्यामुळे चूक साठत नाही.

वेळेइतकंच पाण्याचं मापही तिथीवर असतं. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. या दिवसांना कोकणात भांग म्हणतात. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहूनही जास्त फरक पडतो, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र रुंद होत जातो आणि पुढे खंबातच्या आखातात पाणी नरसाळ्यात कोंडल्यासारखं चढतं, म्हणून हा फरक.

आता बेटावर किंवा किनाऱ्यावर काय करायचं, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

ओहोटी असेल तर सरळ खडकांवर जा. मालवणच्या रॉक गार्डनखाली समुद्राने खडकात असंख्य खळगी कोरली आहेत. पाणी मागे हटलं की प्रत्येक खळग्यात थोडं पाणी राहतं आणि त्यात त्या जागेपुरता समुद्र. समुद्रफुलं बोट जवळ नेलं की मिटतात, शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे पाठीवर घर घेऊन धावतात, बोटाएवढे मासे सावली पडताच कपारीत शिरतात. याला तिकीट नाही, जॅकेट नाही, होडी नाही. आमच्या मुलांनी पैसे देऊन केलेल्या कुठल्याही खेळापेक्षा इथे जास्त वेळ घालवला. जवळच गावातल्या बायका कोयत्याने खडकावरची कालवं फोडत बसल्या होत्या. त्या पाण्याकडे पाठ करून बसत नाहीत, एवढं मी पाहिलं. आपणही करू नये. रबरी तळाचे बूट घाला, कारण ओल्या खडकावर साधी चप्पल घसरते आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत सापडला तर उचलू नका. त्यातल्या गोगलगाईला विषारी दंश करता येतो आणि काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेतू शकतो. तिथी निवडायची असेल तर अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस घ्यावेत. उधाणाची ओहोटी असते, पाणी लांबवर हटतं आणि नेमकी सकाळी सहा-सात ते आठच्या दरम्यान खडक उघडे पडतात. ऊन नाही, गर्दी नाही.

रापण मात्र ठरवून पाहता येत नाही. ती लागली तर नशीब. होडी एका टोकापासून जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा दोर ओढू लागतात. एकेका रापणीवर कितीतरी कुटुंबं चालतात आणि मिळालेल्या मासळीचे रीतसर वाटे पडतात. पाहणाऱ्याने हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. आमचा भाचा अर्धा तास दोर ओढत होता. शेवटी वाळूवर चांदीसारखे बांगडे आणि तारल्या तडफडू लागल्या, तेव्हा एका आजोबांनी त्याच्या हातात तीन बांगडे ठेवले. ही त्याची पहिली कमाई. यांत्रिक नौकांच्या मोठ्या जाळ्यांपुढे रापणीला मिळणारी मासळी घटत चालली आहे, आणि ही तक्रार त्या किनाऱ्यावर कुणाशीही दोन मिनिटं बोललात तरी ऐकू येते. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकांत पॅरासेलिंगला पूर्ण पान आणि रापणीला एक ओळ असते. हे मला उलटं वाटतं.

पॅरासेलिंग, कयाक, स्नॉर्केलिंग यांना चंद्राइतकंच वाऱ्याचंही घड्याळ लागतं. शाळेत भूगोलाच्या पेपरात आपण ‘खारे वारे व मतलई वारे’ यांवर टिपा लिहिल्या. दोन-तीन गुण मिळाले आणि विषय संपला. तो इथे पुन्हा उघडतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत शिरतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारा उलट वाहतो. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर सकाळी समुद्र बहुधा तेल ओतल्यासारखा शांत असतो आणि दुपारनंतर पाण्यावर सुरकुत्या पडतात. म्हणून कयाक आणि स्नॉर्केलिंग सकाळी, पतंग आणि वाळूतले किल्ले दुपारनंतर.

शिडाच्या होडीला मात्र वारा हवाच. तो अनुभव घ्यायचा असेल तर मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला जावं. ‘जंजिरा’ हा शब्दच अरबी ‘जझीरा’वरून आला, अर्थ बेट. संभाजीनगरच्या माणसाने तिथे जाण्याला आणखी एक कारण आहे. आमचं शहर खडकी या नावाने १६१० साली ज्या मलिक अंबरने वसवलं, तो हबशी होता आणि निजामशाहीचा वजीर होता. जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच, आणि तो किल्लाही तेव्हा निजामशाहीच्या मुलखात मोडत होता. अंबरने पठारावरच्या शहराला जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. जंजिऱ्यावर चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचा मोठा तलाव आहे. पाण्याची ही दोन उत्तरं एकाच माणसाने एकाच महिन्यात पाहावीत, असं मला वाटतं. एक आपल्या घराशेजारी आहे, म्हणून बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

गोड्या पाण्याची जास्त नवलाची गोष्ट सिंधुदुर्गावर आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडीने थोड्याच वेळात कुरटे बेटावर उतरता येतं. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली काम झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं गेलं. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाला जवळजवळ तीन किलोमीटरचा तट आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथली महाराजांची मूर्ती आपल्या डोळ्यांना सवयीची नाही, तिला दाढी नाही. गाइड हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतो, फोटो काढून देतो. ते सगळं करा. पण मग थोडा वेळ काढून तीन विहिरींपाशी थांबा: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तटाबाहेर लाटा आपटतायत आणि आत पोहऱ्याला गोडं पाणी लागतंय.

हे कसं? बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. घनमीटरमागे खारं पाणी साधारण पंचवीस किलोंनी जड. एवढ्याशा फरकामुळे खडकात मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, सायीसारखं. हळूहळू, बेताने उपसलं तर साय टिकते. पंप लावून ओरबाडलं तर खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. जगातल्या कित्येक बेटांवरची वस्ती अशाच सायीवर जगते. मराठवाड्यात आम्ही बोअरचं पाणी किती खोल गेलं याची चर्चा करतो. बेटावरच्या माणसाला मर्यादा हात घातल्याबरोबर जिभेवर कळते.

इतर बेटांवर गेलात तर घड्याळ बदलतं, हेही सांगून ठेवतो. मराठी माणूस अंदमानला जातो तो मुळात सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी पाहायची, सात ओळींपैकी उरलेल्या तीन ओळींतून फिरायचं, रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहायचा, डोळे पुसायचे. त्यानंतर उरलेले चार दिवस काय करायचं हे विमानात ठरतं. तिथे पाऊणपट चालत नाही. तो हिशेब कोकणचा आहे, बंगालच्या उपसागराची भरती वेगळ्या वेळी येते. हॉटेलात भरती-ओहोटीचा तक्ता मागून घ्या. कारण शहीद द्वीपावरची खडकाची नैसर्गिक कमान गाठायची तर ओहोटीच लागते. दुसरं घड्याळ सूर्याचं. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे आणि वेळ मात्र भारताचीच, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. त्या महिन्यात आमच्याकडे पावणेसहाला कुठे मावळतो. ‘नाश्ता करून निवांत निघू’ म्हणणारं कुटुंब तिथे रोज अर्धा दिवस गमावतं. स्वराज द्वीपावर पहाटे पाचला उठणाऱ्याला राधानगरचा अख्खा किनारा एकट्याला मिळतो. येताना प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका, मेलेला दिसला तरी. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच कडक संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. बाराटांगच्या रस्त्यावर जारवा आदिवासींचा राखीव प्रदेश लागतो. ‘जारवा दिसतील’ असं सांगून कुणी सहल विकत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

मॉरिशसची गोष्ट आणखी वेगळी. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांची पुढची पिढी आजही तिथे आहे आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तिथे भरती-ओहोटीत अर्ध्या मीटरचाही फरक जेमतेम पडतो, त्यामुळे तिथी पाहायची गरजच नाही. बेटाच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळाच्या भिंतीचं कडं आहे. लाटा तिथेच फुटतात आणि आत कमरेएवढं, निळं, संथ पाणी उरतं. लहान मुलांना स्नॉर्केल शिकवायला याहून बरी जागा नाही. पण भिंतीला जिथे खिंड असते, तिथून आतलं पाणी जोराने बाहेर ओढलं जातं. त्या खिंडीकडे पोहत जायचं नाही, हा एकच नियम.

आता स्कूबाकडे येतो, कारण संभाजीनगरहून मालवणला गेलेला प्रत्येक तरुण त्यासाठीच गेलेला असतो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि किनाऱ्यावर खासगी मंडळीही भरपूर. मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळ आहे, पण अंदमानच्या चित्रांची अपेक्षा ठेवू नका. प्रवाळाला स्वच्छ पाणी लागतं आणि पावसाळ्यात कोकणातल्या नद्या सह्याद्रीची माती समुद्रात ओततात. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात नितळ असतं. पोहता येत नसलं तरी चालतं, शिक्षक बरोबर असतो. दोन गोष्टी मात्र शिकून जा. श्वास कधीही रोखायचा नाही. आणि कान.

घाट उतरताना आपल्या कानात दडे बसतात, आपण गिळतो, कान उघडतात. आंबोलीहून किनाऱ्यापर्यंत उतरलात की हवेचा दाब जितका वाढतो, तितका दाब समुद्रात एक मीटर खाली जाण्याआधीच वाढलेला असतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारत, दर अर्ध्या-एक मीटरला कान उघडत उतरायचं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, पैसे भरलेले असले तरी.

उलटा नियम पठारावरच्या लोकांना कुणी सांगत नाही. पाण्याखाली वाढलेल्या दाबाने रक्तात नायट्रोजन थोडा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जावा लागतो. डुबकी मारून लगेच उंचावर गेलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरण्याचा धोका असतो. म्हणून एका डुबकीनंतर किमान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान अठरा तास विमान टाळावं, असा पाणबुड्यांचा संकेत आहे. सुमारे सहाशे मीटरच्या वर चढायचं असेल तेव्हाही तोच लागू धरतात. आंबोली ६९० मीटरवर आहे. पर्यटकांना नेतात तेवढ्या उथळ पाण्यात धोका थोडा असतो, हे खरं. पण सकाळी स्कूबा, दुपारी कोंबडी-वडे आणि चारला घाट, हा आमच्याकडचा लाडका बेत सोडून दिलेला बरा. स्कूबा परतीच्या दिवशी ठेवू नका.

आम्ही द्वादशीला डुबकी मारली, नऊच्या भरतीनंतर पाणी निवळल्यावर. आईचा उपास सुटला होता, तिने सुरमई आणि सोलकढीवर एकादशीची भरपाई केली. रात्री चंद्र नव्हता. वद्य द्वादशीचा चंद्र पहाटे उगवतो. जेवणानंतर किनाऱ्यावर गेलो तर लाट फुटेल तिथे निळसर उजेड चमकत होता. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की प्रकाश देतात, आणि तो दिसायला काळोखी तिथी लागते. मुलं अनवाणी पाण्यात नाचत होती आणि त्यांच्या घोट्यांभोवती ठिणग्या उडत होत्या. मग भाची एकदम थांबली आणि म्हणाली, “आजची रात्रीची भरती नऊला ना, म्हणजे आता पाणी मागे जाणार.” तिला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, तिने काकांचं ऐकलं होतं.

त्रयोदशीला सकाळी निघालो, रात्री उशिरा घरी पोचलो. सकाळी उठून कॅलेंडर पाहिलं. चतुर्दशी होती. देवबागला भरती साडेदहाच्या सुमारास, आमच्या नळाला पाणी दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहाला.